मध्यवर्ती नियंत्रकाविना डीसी मायक्रोग्रिडचे व्होल्टेज कसे सांभाळावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपुड्यातील एका पाड्यासाठी ४८ व्होल्टची स्वतंत्र डीसी यंत्रणा उभारायची आहे. सौर पॅनेल, लिथियम बॅटरी आणि कन्व्हर्टर असलेली प्रत्येकी एक किलोवॅटची दोन युनिटे पाड्याच्या दोन ठिकाणी बसतील आणि एका सामाईक बसला, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या मुख्य तारांच्या जोडीला, जोडली जातील. पुढे तिसरे युनिट येईल. ग्रिडची लाइन नाही, मोबाइलची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे सगळ्यांना आदेश देणारा मध्यवर्ती नियंत्रक नको आहे. अशा वेळी व्होल्टेज स्थिर कसे राहील, भार दोन्ही युनिटांत सारखा कसा वाटला जाईल आणि तिसरे युनिट जोडताना आधीची दोन्ही पुन्हा ट्यून करावी लागतील का?

मध्यवर्ती नियंत्रकाविना हे उत्तम साधते. मात्र त्यासाठी व्होल्टेज एका आकड्यावर खिळवून ठेवण्याचा आग्रह सोडावा लागतो. अशा यंत्रणेत बसचे व्होल्टेज हाच युनिटांमधला एकमेव सामाईक निरोप असतो. भार वाढला की ते किती उतरावे, ऊन वाढले की किती चढावे, हे आपण आधी ठरवून दिले तर प्रत्येक युनिट फक्त स्वतःच्या टर्मिनलवर मोजून योग्य वागू शकते. व्होल्टेज कायम ४८.० ठेवले तर हा निरोपच पुसला जातो.

एसी ग्रिडमध्ये हे काम फ्रीक्वेन्सी करते आणि स्थिर अवस्थेत ती सगळीकडे सारखी असते. डीसीमध्ये व्होल्टेज प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, कारण मध्ये तार असते. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ एवढेच आहे.

प्राथमिक पद्धत ड्रूपची. कन्व्हर्टर जितका करंट देतो त्या प्रमाणात तो स्वतःचे लक्ष्य-व्होल्टेज खाली आणतो, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एक आभासी रोध मालिकेत जोडल्यासारखे वागतो. समजा शून्य करंटला ५० व्होल्ट आणि पूर्ण २० अँपिअरला २.४ व्होल्टची घट ठेवली. हा आभासी रोध १२० मिलीओम झाला. आता एक युनिट बसपासून १० मीटरवर आणि दुसरे ५० मीटरवर आहे, दोन्हींना १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आहे असे धरा. या जाडीच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १.८३ ओम असतो. जाण्यायेण्याची लांबी धरली तर जवळच्या युनिटच्या वाटेत ३७ मिलीओम आणि दूरच्या युनिटच्या वाटेत १८३ मिलीओम येतात. एकूण रोध १५७ आणि ३०३ मिलीओम. बसवर २४ अँपिअरचा भार आला तर जवळचे युनिट १५.८ आणि दूरचे जेमतेम ८.२ अँपिअर देईल. दोघांचे सेटिंग तंतोतंत एक असूनही जवळचे युनिट जवळपास दुप्पट राबते आणि त्याची बॅटरी रात्री आधी रिकामी होते.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे आभासी रोध वाढवणे, म्हणजे त्याच्यापुढे तारेचा फरक नगण्य ठरतो. तो ४०० मिलीओम करून पाहा: वाटणी १३.७ आणि १०.३ अँपिअर अशी बरीच सुधारते, पण बसचे व्होल्टेज ४४ वर येते. पूर्ण भार येण्याआधीच आपण सहा व्होल्ट गमावलेले असतात. समान वाटणी आणि अचूक व्होल्टेज यांतील ही ओढाताण संपर्काविना पूर्णपणे सुटत नाही, हे आधीच मान्य करून पुढे गेलेले बरे.

मी शिफारस करतो ती वाट वेगळी आहे. आभासी रोध दोघांना सारखा देऊ नये. आभासी रोध आणि तारेचा रोध यांची बेरीज सारखी करावी. शिवाय दूरच्या युनिटची केबल जाड घ्यावी. २५ चौरस मिलिमीटरची केबल घातली तर ५० मीटरसाठी सुमारे ७३ मिलीओम लागतात. त्या युनिटला १२० मिलीओमचा आभासी रोध ठेवला की त्याची बेरीज १९३ होते. जवळच्या युनिटला १५६ दिला की त्याचीही १९३ होते. आता २४ अँपिअरला दोघे बारा-बारा अँपिअर देतील आणि बस ४७.७ व्होल्टवर राहील. पूर्ण ४० अँपिअरला ती ४६.१५ वर येईल. तांब्याला पैसे लागतात हे खरे, पण याच कामासाठी संपर्कयंत्रणा बसवून ती डोंगरात वर्षानुवर्षे चालू ठेवण्यापेक्षा केबलचा खर्च मला नेहमीच योग्य वाटतो. केबलला देखभालीचा माणूस लागत नाही.

यात दोन पथ्ये आहेत. तारेचा रोध कॅटलॉगमधून घेऊन थांबू नये. केबल टाकल्यावर, केबलच्या टोकाची धातूची लग दाबून (क्रिंप करून) टर्मिनल आवळल्यावर, ठरावीक करंट सोडून दोन्ही टोकांच्या व्होल्टेजमधील फरक मोजावा. एखादी नीट न दाबलेली लग दहा-वीस मिलीओम सहज खाते, म्हणजे जवळच्या युनिटच्या सगळ्या केबलच्या निम्मा रोध एका जोडात. दुसरे म्हणजे तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांना मोजलेली तार उन्हात ५० अंशांवर गेली की रोध १२ टक्क्यांनी जास्त असतो. एवढ्या फरकाने वाटणी बिघडत नाही, परंतु रात्रीच्या मोजमापावर दुपारचे गणित काटेकोरपणे बसवू नये. हेही लक्षात ठेवावे की बेरीज सारखी करण्याची ही युक्ती सगळी युनिटे एकाच बसवर येऊन मिळतात अशा मांडणीत नेमकी लागू पडते. युनिटे आणि घरे एकाच लांब लाइनवर मध्ये मध्ये जोडलेली असतील तर ती अंदाजे लागू पडते.

मोजमापाची अचूकता हा विषय मी मुद्दाम ताणून सांगतो, कारण स्वस्त युनिटांत पहिली काटकसर इथेच होते. दोन कन्व्हर्टरांच्या व्होल्टेज-मापनात प्रत्येकी अर्ध्या टक्क्याची चूक असेल आणि ती उलट दिशांना असेल, तर ५० व्होल्टवर अर्ध्या व्होल्टचा फरक पडतो. दोघांच्या मिळून ३८५ मिलीओम रोधातून त्यामुळे १.३ अँपिअर विनाकारण एका बॅटरीतून दुसरीत वाहतो, तोही भार शून्य असताना. ड्रूप मुळीच नसेल आणि दोघांतही अचूक व्होल्टेजचा हट्ट धरणारे इंटिग्रेटर (चूक साठवत जाऊन दुरुस्ती वाढवणारे नियंत्रकाचे भाग) असतील, तर फक्त तारेचा रोध उरतो आणि हाच करंट साडेचार अँपिअरच्या पुढे जातो. मग एक युनिट करंट-मर्यादेला जाऊन टेकेपर्यंत दोघे एकमेकांशी झगडू शकतात. म्हणून ०.१ टक्क्याचे रोधक आणि बसवण्याआधी एकाच विश्वासू मल्टीमीटरने सगळ्या युनिटांचे कॅलिब्रेशन, यावर तडजोड करू नये.

कमी वेगाचा संपर्क ठेवून, युनिटांनी आपापला करंट एकमेकांना कळवून ड्रूपची रेषा (कोणत्या करंटला किती व्होल्टेज हे ठरवणारी) सावकाश वर उचलायची, या दुय्यम नियंत्रणाला विरोध नाही. पण ४८ व्होल्टची सर्वसाधारण डीसी-डीसी मॉड्यूल ३६ ते ७५ व्होल्टच्या इनपुटवर चालतात. घरातला दिवा, पंखा किंवा लस ठेवण्याचा फ्रीज यांना लागणारी अचूकता भाराजवळचा छोटा कन्व्हर्टर देऊ शकतो. मग बसवर ४८.० चा अट्टहास कोणासाठी करायचा? संपर्क ठेवलाच तर तो तुटल्यावर दुय्यम दुरुस्ती हळूहळू शून्यावर आली पाहिजे. शेवटच्या किमतीवर अडकून राहिलेले युनिट हे संपर्क नसलेल्या युनिटपेक्षा जास्त त्रास देते.

आता बॅटरीकडे. २४ सेलच्या लेड-ॲसिड बँकेत व्होल्टेज पाहून साठ्याचा अंदाज येत असे, म्हणून जुन्या यंत्रणांत बॅटरी थेट बसला जोडली तरी निभावत होते. १६ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बँकेचे व्होल्टेज ५१.२ च्या आसपास बराच काळ सपाट राहते आणि साठ्याबद्दल फारसे काही सांगत नाही. त्यामुळे करंट सारखा वाटला गेला तरी साठा सारखा राहीलच असे नाही. एका घरावर सावली पडली, एक बँक जुनी झाली, की एक युनिट आधी संपते आणि दुसऱ्यावर अचानक सगळा भार येतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक युनिटने स्वतःच्या साठ्यानुसार शून्य-करंटचे व्होल्टेज थोडे हलवावे: पूर्ण भरलेली बॅटरी ५०.२५, बरीच रिकामी झालेली ४९.७५. वरच्याच रोधांवर याने करंटमध्ये दोन-अडीच अँपिअरचा फरक पडतो, आणि काही तासांत साठे जवळ येतात. काही जण त्याऐवजी ड्रूपचा उतार बदलतात. त्यात भार नसताना करंट फिरत नाही हा फायदा आहे, पण उतार बदलला की स्थिरतेचे गणितही बदलते, म्हणून मी रेषा सरकवण्याच्या बाजूचा आहे. साठा मोजणारा अँपिअर-तासांचा हिशेब दिवसागणिक चुकत जातो. बॅटरी पूर्ण भरल्याच्या प्रत्येक वेळी तो शंभरावर आणून ठेवण्याची सोय हवीच.

याच कल्पनेला पुढे नेले की व्होल्टेजचे पट्टे तयार होतात. ५० च्या खाली बॅटऱ्या देतात, ५० च्या वर घेतात. बॅटऱ्या भरत आल्या की बस ५२ च्या पुढे चढते आणि तिथून ५४ पर्यंत सौर कन्व्हर्टर कमाल शक्ती काढणे सोडून उत्पादन क्रमाने कमी करतो. खालच्या बाजूला पूर्ण भाराचे ४६.१५ ओलांडून बस आणखी उतरली, तर याचा अर्थ कोणतेतरी युनिट करंट-मर्यादेला लागले आहे, ४५.५ ला पिठाची चक्की, पंप असे भार तोडावेत, ४३.५ ला दिवे वगळून बाकी सगळे.

या पट्ट्यांत दोन ठिकाणी घोळ होतो. पहिले ठिकाण म्हणजे संध्याकाळ किंवा ढगाळ दुपार. सौर कन्व्हर्टरमध्ये 'कमाल शक्ती' आणि 'व्होल्टेज सांभाळणे' अशा दोन स्वतंत्र अवस्था केल्या आणि त्यांच्यात खटकन उडी मारायला लावली, तर सीमेवर तो मिनिटभर मागेपुढे उड्या मारतो आणि घरातले दिवे लुकलुकतात. दोन्ही नियंत्रणांनी आपापला करंट-आदेश सतत काढावा आणि त्यांतला लहान तो वापरावा. जो आदेश वापरात नाही त्याच्या इंटिग्रेटरला मोकळे वाढू देऊ नये. मग अवस्थाबदल जाणवतही नाही.

दुसरे ठिकाण भार तोडण्याचे. दोन्ही युनिटे चालू असताना बसकडे पाहिलेला एकत्रित रोध सुमारे ९६ मिलीओम असतो. १० अँपिअरची चक्की तोडली की व्होल्टेज जवळपास एक व्होल्टने आपोआप चढते. रिलेने ४६ ला चक्की पुन्हा जोडायचे ठरवले असेल तर ती लगेच जुळते, व्होल्टेज पडते, पुन्हा तुटते, आणि रिलेचे काँटॅक्ट जळेपर्यंत हे चालते. एक युनिट बंद असेल तर हीच वाढ १.९ व्होल्ट होते, म्हणजे ४५.५ वरून ४७.४. म्हणून पुन्हा जोडण्याची पातळी ४८ च्या खाली ठेवू नये, मिनिटभर थांबावे, आणि प्रत्येक भाराचा थांबण्याचा काळ वेगळा ठेवावा. हे व्होल्टेज बसच्या वितरण पेटीत मोजावे. ५० मीटर दूरच्या घरांच्या रांगेत ५०० वॅट जात असतील तर १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्येच दोन व्होल्ट पडतात, आणि घरात बसवलेला रिले बस ठणठणीत असताना भार तोडून बसतो.

यानंतरचा भाग डीसी यंत्रणेत सर्वांत कमी समजला जातो. एलईडी ड्रायव्हर, वेग सांभाळणारा बीएलडीसी (ब्रशविना मोटरचा) पंखा, मोबाइल चार्जर हे सगळे कन्व्हर्टरमागचे भार आहेत. व्होल्टेज उतरले तरी ते आपली शक्ती तेवढीच ओढतात, म्हणजे करंट वाढवतात. छोट्या बदलांच्या दृष्टीने असा भार ऋण रोधासारखा वागतो: ४८ व्होल्टवर ५०० वॅट म्हणजे उणे ४.६ ओम. तारेचे इंडक्टन्स (करंटमधील बदलाला होणारा तिचा विरोध) आणि भाराच्या तोंडाशी असलेला कपॅसिटर यांच्यात जी आंदोलने उठतात ती तारेचा रोध शमवतो आणि हा ऋण रोध वाढवतो. स्रोताचे व्होल्टेज पक्के धरले तर अट सोपी निघते: तारेचा रोध भागिले तिचे इंडक्टन्स, हे भाराची शक्ती भागिले कपॅसिटन्स आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकारापेक्षा मोठे हवे.

वरच्या घरांच्या रांगेसाठी आकडे घालू. दोन तारा शेजारी असलेल्या केबलचे इंडक्टन्स मीटरला ०.७ मायक्रोहेन्री धरले तर ५० मीटरला ३५ मायक्रोहेन्री; रोध १८३ मिलीओम. कपॅसिटर निदान ४२ मायक्रोफॅरडचा हवा असे उत्तर येते. आता कोणी चांगल्या हेतूने ही केबल २५ चौरस मिलिमीटरची केली तर रोध ७३ मिलीओम होतो, इंडक्टन्स मात्र फारसे घटत नाही आणि तोच कपॅसिटर १०४ मायक्रोफॅरडच्या वर लागतो. व्होल्टेजची घट कमी करणारे जाड तांबे आंदोलनांचे शमनही कमी करते. म्हणून केबल जाड केली की रांगेच्या टोकाला कपॅसिटर वाढवावा. उन्हाळ्याच्या उष्णतेत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची क्षमता वर्षांनुवर्षे घटत जाते, हे धरून मी इथे २२० मायक्रोफॅरडच्या खाली जाणार नाही, आणि तो जोडताना उसळणारा करंट रोखण्यासाठी प्री-चार्जची, म्हणजे तो आधी हळूहळू भरून घेण्याची, सोय ठेवेन. ड्रूपचा आभासी रोध या आंदोलनांना शमवेल अशी आशा धरू नये. २२० मायक्रोफॅरड घेतले तरी त्यांची फ्रीक्वेन्सी सुमारे १८०० हर्ट्झ येते, आणि काहीशे हर्ट्झपर्यंतच चपळ असलेला व्होल्टेज-लूप (मोजून व्होल्टेज दुरुस्त करणारे नियंत्रण) तिथे पोहोचत नाही. करंटच्या मापनाला मंद फिल्टर लावला असेल तर आणखीच नाही.

आता तिसऱ्या युनिटचा प्रश्न. २०१६ च्या सुमारास इटलीतील पाविया आणि डेन्मार्कमधील आलबोर्ग विद्यापीठांच्या संशोधकांनी नेमके यावर काम केले: प्रत्येक युनिटचा नियंत्रक फक्त त्याच्या स्वतःच्या फिल्टरच्या किमतींवरून आणि त्याला जोडणाऱ्या तारांवरून आखायचा, आणि तरीही नवे युनिट जोडल्या-काढल्याने सगळी यंत्रणा स्थिर राहते हे सिद्ध करायचे. पुढच्या कामात तारांच्या माहितीचीही गरज उरली नाही. यामागचा विचार असा की प्रत्येक युनिट बाहेरून पाहता ऊर्जा शोषणाऱ्या घटकासारखे, म्हणजे पॅसिव्ह, वागले आणि तारा तर ऊर्जा खातातच, तर अशी कितीही युनिटे जोडली तरी आंदोलने वाढत जाणार नाहीत. स्थिर शक्तीचे भार हा विचार मोडू शकतात, म्हणून प्रत्येक युनिटमागे अशा भाराची मर्यादा आखावी लागते.

तेव्हा आधीच्या दोन युनिटांचे व्होल्टेज-लूप पुन्हा ट्यून करण्याची गरज नाही. नव्या युनिटची बेरीजही १९३ मिलीओम ठेवावी. ते दोन किलोवॅटचे असेल तर निम्मी, म्हणजे ९६. युनिट लांब असेल आणि केबलचाच रोध या बेरजेत मावत नसेल तर केबल जाड करावी. आधीच्या दोघांचा उतार वाढवण्याच्या मोहात पडू नये, त्याने भार तोडण्याचे पट्टे सगळे सरकतात. जोडण्याआधी नव्या कन्व्हर्टरने स्वतःचे आउटपुट बसच्या व्होल्टेजजवळ आणावे आणि फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आल्यावरच काँटॅक्टर (बसला जोडणारा विद्युत स्विच) मिटावा. फॉल्टच्या वेळी बसवर येणारा करंट मात्र वाढलेला असतो, म्हणून फ्यूज आणि ब्रेकरची क्षमता पुन्हा तपासावी. ते डीसीसाठी प्रमाणित असलेलेच हवेत, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी शून्यातून जाऊन आपोआप विझत नाही. भारतीय मानक ब्युरोने २०१७ मध्ये ४८ व्होल्टच्या डीसी वितरणासाठी आयएस १६७११ हे मार्गदर्शक मानक प्रसिद्ध केले आहे. वायरिंग सुरू करण्यापूर्वी ते वाचावे.

एक पर्याय इथे सांगणे उचित आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने राजस्थानच्या वाळवंटी भागातील विखुरलेल्या घरांना ४८ व्होल्टची सौर-डीसी यंत्रणा घरोघरी वेगळी दिली. घरे एकमेकांना जोडलेलीच नसल्याने वाटणीचा प्रश्न उद्भवत नाही. आपल्या पाड्यातील घरे दूरदूर असतील आणि चक्की किंवा पंपासारखा सामाईक भार नसेल, तर तोच मार्ग स्वस्त आणि सोपा आहे. सामाईक भार असेल, किंवा एका घराचे उरलेले ऊन दुसऱ्या घराला उपयोगी पडत असेल, तरच बस टाकण्याला अर्थ आहे.

यंत्रणा ताब्यात देण्यापूर्वी चार मोजमापे घ्यावीत. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागेल. साधा एसीचा चालणार नाही. रात्री, सौर कन्व्हर्टर झोपलेले असताना, सगळा भार बंद करून प्रत्येक युनिटचा करंट पाहावा; दोन्ही बॅटऱ्या सारख्या भरलेल्या असून तो अर्ध्या अँपिअरहून जास्त असेल तर कॅलिब्रेशन चुकले आहे. मग निम्मा आणि पूर्ण भार टाकून वाटणी आणि बसचे व्होल्टेज वरच्या गणिताशी ताडून पाहावे. फरक आला तर आधी लग आणि टर्मिनल तपासावे, सॉफ्टवेअर नंतर. तिसऱ्यांदा, निम्म्या भारावर एक युनिट ब्रेकरने तोडावे आणि ऑसिलोस्कोपवर बसचे व्होल्टेज पाहावे. ते एकदा खाली वाकून नव्या पातळीवर बसले पाहिजे, थरथरत राहता कामा नये. शेवटी सगळी बस बंद करून अंधारातून पुन्हा सुरू करावी. सगळी घरे एकाच क्षणी जुळली तर त्यांचे कपॅसिटर आणि पंखे मिळून पहिल्याच युनिटला करंट-मर्यादेत ढकलतात, व्होल्टेज पडते आणि सगळे पुन्हा सुटतात. भारांच्या जोडणीचे काळ वेगळे ठेवल्याची खरी परीक्षा इथे होते, आणि ती प्रत्येक युनिट एकटे असतानाही उत्तीर्ण व्हायला हवी.